कार्प माशाच्या शुभेच्छा

"काय करतोस?" असं कालिनोवो गावात कुणी विचारलं, की स्पास म्हणायचा, "टपाल राखतो." टपाल म्हणजे ई-मेल हो! विणकरांच्या सहकारी संस्थेत जिन्याखाली एक घरघरणारा सर्व्हर, शेजारी स्टूल, स्टुलावर हे महाराज. एकोणीस वर्षं! बायको सोडून गेली तेव्हा म्हणे चिठ्ठीत एवढंच लिहिलं, "त्या डब्याला माझा नमस्कार सांग." गिऱ्हाइकंही एकेक करून मोठ्या कंपनीकडे गेली. उरली ही एकच संस्था, लोकरीच्या घोंगड्या विणणारी.

स्पासला गर्व होता त्याच्या गाळणीचा. "फालतू मेल? माझ्याकडे माशीसुद्धा आत येत नाही!" खरंच येत नव्हती. पण कधीकधी घरचा पाहुणाही दारातूनच परत जायचा, ते कोण सांगणार?

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस आला, म्हणजे त्याचं नाव लावणाऱ्या सगळ्यांचा सण. त्या दिवशी कुणा निकोलाला शुभेच्छा द्यायला विसरलात, तर तो वर्षभर तोंड फिरवून जातो. संस्थेची कारकून स्तामेना, बासष्टची, जिभेनं मिरची आणि मनानं लोणी. ती संस्थेच्या पत्त्यांच्या यादीतले निकोला, निकोलाय, निकोलिना शोधत बसली आणि कंटाळली. कुणाची आजी निकोलिना असेल, काय सांगावं? दिलं पाठवून सगळ्यांनाच! दोन हजार शंभर जणांना त्या सणाच्या जेवणातल्या भाजलेल्या कार्प माशाचं चित्र गेलं.

दुसऱ्या दिवशी स्पासचा सर्व्हर फालतू मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत. घोंगड्या विकत घेणाऱ्या व्हिएन्नाच्या दुकानाला लिहिलेली पत्रं थेट तिकडच्या कचऱ्यात.

"ताई, दोन हजार?"

"मग काय, निम्म्यांना रुसवू?"

अध्यक्षांनी निर्वाणीचं सांगितलं, "शुक्रवारपर्यंत पत्रं पोचली तर ठीक. नाहीतर आम्हीही मोठ्या कंपनीकडे."

स्पासनं जंग जंग पछाडलं. नोंदी तपासल्या, पत्रांना खरेपणाची सही जोडली, काळी यादी ठेवणाऱ्यांकडे रोज एक अर्ज टाकला. उत्तर काही येईना.

"भिंतीशी बोलतोय, ताई."

"मग भिंतीलाही एक मासा पाठव."

शुक्रवारी सकाळी स्तामेना कॉफी घेऊन आली. "अरे, तुझ्या गाळणीत काय अडकलंय ते बघतोस का कधी?"

"तो कचरा आहे."

"बघ तर खरं."

त्यानं बघितलं. चारशे जाहिरातींच्या खाली मंगळवारचं एक पत्र होतं, यादीवाल्यांकडच्या हाडामांसाच्या बाईचं. "तुमचा अर्ज वाचला. इतक्या लोकांना मासा का पाठवलात, ते दोन दिवसांत कळवा. मी यादीतून नाव काढते."

कॉफी निवून गेली. स्पासनं निकोलापासून सगळं लिहिलं, माफी मागितली, पाठवलं. क्षणात उत्तर आलं, यंत्राचं. मुदत संपली. नवा अर्ज सहा महिन्यांनी.

स्तामेनानं निवलेली कॉफी उचलली आणि नवी करून आणली.

संध्याकाळपर्यंत स्पासनं संस्थेच्या सगळ्या टपालपेट्या स्वतःच्या हातानं कंपनीकडे हलवल्या. मुलगी सासरी धाडावी तशा, एकेक तपासून. मग गाळणी काढून टाकली.

सर्व्हरवर आता एकच पेटी आहे, त्याची. रोज सकाळी तिच्यात पन्नास-साठ पत्रं येतात: लॉटरी लागल्याची, केस उगवण्याच्या औषधाची, कुठल्याशा दूरच्या विधवेची. स्पास स्टुलावर बसतो आणि एकेक उघडून शेवटपर्यंत वाचतो.