पुरुषाच्या हाताचं सारवण

जमिनीवरून तळहात फिरवायचा आणि तो दुसऱ्याच्या नाकासमोर धरायचा, ही त्यांची सवय. "बघा वयनी, हाताक काय लागला?" काही लागलेलं नसायचंच. शेणात करवंटीच्या कोळशाची पूड कालवून सारवलेली ती काळीभोर जमीन. पांढरं लुगडं टाकून बसा, डाग पडायचा नाही.

ते आमचे शेजारी. मधे फक्त एक दगडी गडगा. सगळी वाडी त्यांना भावोजी म्हणायची. पूर्वी बोटीवर खलाशी होते. बायको गेली तेव्हा मुलगी रांगत होती. दुसरं लग्न कर म्हणून सगळे मागे लागले, पण भावोजी नोकरी सोडून घरी आले आणि पदर खोचावा तसं धोतर खोचून कामाला लागले. सारवण, भांडी, कंदिलाच्या काचा, सगळं स्वतः. खर्च म्हणाल तर काही नाही. चुलीतली राख, घासायला नारळाचं सोडण, पितळेला परसातल्या झाडाची आंबटढाण बिंबलं. समई अशी निघायची की तोंड बघून कुंकू लावावं.

आणि वाडी हसायची! पुरुष असून सारवतो म्हणून 'बायलो' म्हणायची. बांगड्या भरा म्हणायची. चतुर्थी आली की ह्याच बायका आपापली काळी पडलेली पितळ घेऊन त्यांच्या पडवीत हजर. "भावोजी, इतक्या घासून द्या हां!" घासून घ्यायचं आणि गडग्यापलीकडे जाऊन फिदीफिदी हसायचं. तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणायचं? मला तर लाज वाटायची त्या बायकांची.

भावोजी चिडायचे नाहीत. म्हणायचे, "बोटीर डेक घासलंय, तेव्हा कोण हसाक नाय. घर घासलंय, तर हसतत!"

मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कुडाळकडचा, मुंबईत गिरणीत. मांडव दारच्या अंगणात, खळ्यात. भावोजींनी ते खळं आठवडाभर आधीपासून चोपून, सारवून, घोटून असं केलं की मी चप्पल बाहेर काढून गेले. त्यांना इतकं आनंदलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. लेकीला ह्या जमिनीवरून पाठवायची, एवढीच त्यांची हौस.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाडीतली थोरली काकी चार सवाष्णी घेऊन आली. "बायल नसलेल्या माणसान सारवल्यान, आणि तेच्यार चेडू बसवतलास? तेचां बरां व्हया मां तुका?"

लेकीच्या बऱ्याचं नाव काढल्यावर बाप काय बोलणार? भावोजी बावीच्या रहाटापाशी जाऊन उभे राहिले. बायकांनी त्या घोटलेल्या जमिनीवर शेण आणि कोळसा बचाबचा थापला. दिवस बुडालेला, वाळणार कधी?

सकाळी वऱ्हाड बसलं आणि उठलं ते मागे काळे गोल घेऊनच. नवऱ्याच्या मामांचं धोतर तर बघवत नव्हतं. खरं सांगते, त्या घटकेला मलाही हसू आलं. पण मामा गरजले, "ही जमीन कोणी सारवली?" आणि काकीनं, जीभ कशी झडली नाही तिची, भावोजींकडे बोट केलं! "ह्येच्याच हातचां. आमका खंय हात लावूक देता!"

वऱ्हाड हसलं. 'बायलो' हा शब्द तिथेही निघाला, नवरीच्या कानावर पडेल इतका मोठ्याने. मी पुढे झाले, तर भावोजींनी हात जोडले. "वयनी, आज नको. माझ्या चेडवाचो दिवस आसा."

मी मागे सरले. मामांचं धोतर बावीवर नेऊन भावोजींनी स्वतः धुतलं. राखेच्या पाण्यात. डाग गेला. आभार कोणी मानले नाहीत.

पुढे काही वर्षांनी ते दोन दिवसांच्या तापात गेले. माणसं तिरडी घेऊन गेली आणि मागे घर सारवायला काकी शेणाची बालदी घेऊन आली. रीतच आहे ती. पण माझं डोकं फिरलं. उंबऱ्यात आडवी उभी राहिले. "काकी, बालदी थंयच ठेवा. तेंचां चेडू येयसर हय कोणी हात लावूचो नाय." काकी मला अवदसा म्हणाली, आणखी काय काय म्हणाली. मी हलले नाही.

तार मिळाल्यावर मुलगी नवऱ्यासोबत मुंबईहून बोटीनं मालवणला उतरली, ती तिसऱ्या दिवशी घरी पोचली. शेण कालवायला बसली खरी, पण हुंदके आवरेनात. काकी लगेच पुढे. "सर गो, मी सारवतंय."

"तुमी नको," पोरगी म्हणाली.

तेव्हा जावई उठला. बायकोनं त्याला लग्नातलं खरं काय ते कधीतरी सांगितलं असणार. मनगटावरचं घड्याळ काढलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सगळ्या वाडीदेखत उकिडवा बसला. "शेण किती, कोळसो किती, सांग माका."

"अरे देवा, जावय सारवता!" काकीनं पदर तोंडाला लावला.

त्यानं मान वर केली नाही. वाकडंतिकडं का होईना, कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत सारवत आला. ह्या वेळी हसायची कोणाची छाती झाली नाही. आणि हे बघायला भावोजी नव्हते, म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.