पट्टी नसलेली गाडी

माझी शाळा आठवीतच सुटली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला आणि साधे शब्द गोड मानून घ्या. चारचौघांत बोलायला मी लाजतो, म्हणून ही फजिती लिहूनच सांगतो.

तेव्हा मी सणसवाडीच्या एका गॅरेजात ट्रॅक्टर दुरुस्त करायचो. मालकांना सगळे मामा म्हणायचे. एके दिवशी मामा सामान आणायला दौंडला गेले आणि इकडे दारात केंदूरचे आप्पा गाडी घेऊन हजर. आप्पा म्हणजे कोण? ज्यांच्या मुलीसाठी माझं नाव निघालं होतं, ते! आमच्याकडे रीतसर बैठकीआधी असंच काहीतरी निमित्त काढून मुलगा कामावर कसा आहे ते बघून जातात. त्यांना माहीत, मला माहीत, पण बोलायचं कुणीच नाही.

गाडी पुण्याच्या कुणा साहेबाकडून घेतलेली, ऑटोमॅटिक. क्लचच नाही.

"गेरचं तेल बघ रं जरा," म्हणत आप्पांनी समोरच खुर्ची टाकली.

बॉनेट उघडलं. इंजिनचं तेल मोजायची पट्टी लगेच सापडली. गिअरच्या तेलाची काही सापडेना. आप्पांची नजर पाठीवर, माझे कान गरम.

"काय हुडकतोय?"

"पट्टी, आप्पा."

"न्हाई का?"

"असंल की."

ही गाडी पट्टीशिवायच येते, हे मला कुठलं ठाऊक? मामांना फोन करावा, तर सासऱ्यांसमोर 'मला येत न्हाई' म्हणायचं कसं? मग ट्रॅक्टर आठवला. त्याच्या गिअरबॉक्सला बाजूला एक बोल्ट असतो. इंजिन बंद करायचं, बोल्ट खोलायचा. तेल भोकाच्या काठाला असलं की बरोबर, वरचं वाहून जातं. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून बघतो, तर हिलाही तसाच बोल्ट! जीव भांड्यात पडला.

इंजिन बंद केलं, खाली टप ठेवला, बोल्ट खोलला आणि लाल तेलाची ही धार लागली. टप अर्धा झाला तरी थांबेना.

"एवढं रं?" आप्पा वाकून बघायला लागले.

"कुणीतरी जास्त भरलंय, आप्पा. गाडी दमत असंल म्हणून."

एवढं लांब मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो. आप्पांनी मान डोलावली. मनातल्या मनात मी मांडवात पोचलो.

धार थांबली, बोल्ट आवळला. आप्पांनी इंजिन चालू करून गिअर टाकला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही. मागचा गिअर टाकला, तरी तेच.

"आता दमंना, पर चालंना बी," आप्पा म्हणाले.

दुपारी मामा आले. टप बघितला, मला बघितलं.

"इंजिन चालू ठिवलं व्हतं का?"

"चालू इंजिनावर तेल कोण बघतं, मामा?"

"हिचं चालूवरच बघत्यात. इंजिन फिरतं तवा तेल वर चढतं, बंद केलं की खाली उतरतं. जास्त न्हवतंच ते, बरोबर व्हतं." मग आप्पांकडे वळून मामा म्हणाले, "जुनी गाडी हाय आप्पा, व्हतं असं."

मला वाचवत होते बिचारे. पण माझ्या तोंडातून निघून गेलं, "न्हाई आप्पा. चूक माझीच हाय. मला येत नव्हतं."

टप स्वच्छ होता हे नशीब. तेच तेल फडक्यातून गाळून मामांनी पंपानं परत भरलं. इंजिन चालू ठेवलं, तेल कोमट होऊ दिलं, भोकातून बारीक धार आली तेव्हा बोल्ट लावला. गाडी निघाली.

जाताना आप्पा मामांना म्हणाले, "पोरगं खोटं बोलत न्हाई. बैठकीला यिऊ आम्ही. गाडी तेवढी तुम्हीच बघत जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच ट्रॅक्टर आला, गिअरचं तेल बघायला. आता मी शहाणा झालो होतो. इंजिन चालूच ठेवलं, तोंड जवळ नेलं आणि बोल्ट खोलला.

आतल्या फिरत्या चाकांनी तेलाचा फवारा उडवला आणि माझे दात सोडून मला सगळा काळा केला. तसाच घरी गेलो. आई दारातच म्हणाली, "आरं, हळदीच्या आधी ह्ये काय लावून आलास?"

मी साबण घेतला आणि न्हाणीत गेलो.