निशाच्या फराळाचा खोका

टेबलावर टपालाने घरी आलेली माझी पहिली मतपत्रिका पडली आहे आणि घरभर शंकरपाळ्या तळल्याचा वास भरलाय. अशाच एका निवडणुकीच्या दिवाळीत मी इथल्याच ट्रॉय शहरात, माझा मित्र सुधीर आणि मीनावहिनी यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. त्यांची मुलगी निशा इथल्या सैन्यात होती. तिच्यासाठी फराळाचा खोका भरता भरता दोघं भांडत होते.

"तुमचा माणूस निवडून आला, तर पोरीला आणखी लांब धाडेल," वहिनी म्हणाल्या.

"आणि तुझा काय, तिला घरी सोडायला येणार आहे? नुसती भाषणं ठोकतो!"

"तुम्ही मत देऊच नका. त्या दिवशी गाडीची किल्लीच लपवते."

सुधीर हसला. मी मात्र आतून जळत होतो. आम्ही एकाच वर्षी या देशात आलो. ते सिटिझन झाले, मी अजून व्हिसावरच होतो. इथल्या राजकारणावर असं हक्काने, आवाज चढवून भांडता येतं, याचाच मला हेवा वाटत होता.

"तुमची मजा आहे यार," मी म्हणालो. "भांडायला मत तरी आहे."

सुधीरने शेवटचा डबा खोक्यात कोंबला. तो वर आल्यामुळे खोका बंद होत नव्हता. वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, झाकण जरा दाबून धरा."

मी धरलं. त्यांनी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावरून उगाच दोनतीनदा हात फिरवला.

निशा सुखरूप परतली. आता मलाही मत आहे. पण त्या दुपारी पोरगी कुठे आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही. खोक्यावर तिचा पत्ता माझ्या बोटांशेजारीच लिहिलेला होता. मी तो वाचला नाही.