प्रसादातले बेदाणे

पिल्लू इंदिरानगरच्या आपल्या घरी आलं ते थंडी सरता सरता. पॉमेरेनियन जातीचं, पांढरं, आजोबांच्या ओंजळीत मावेल एवढं. मुलांनो, तुमच्या बाबांनी तिकडे बसून फोनवरच सगळं ठरवलं होतं. आजोबांना कमी ऐकू येऊ लागल्यापासून त्यांनी बागेतल्या मित्रांकडे जाणं सोडलं होतं, आणि घरात आम्ही दोघं कामापुरतंच बोलायचो. मला कुत्रं नको होतं. या वयात कोणाची शी-शू काढायची मला हौस नव्हती, आणि तसं मी स्पष्ट सांगितलंही होतं.

तुम्ही ठेवलेलं नाव आजोबांच्या जिभेवर बसेना. ते त्याला ‘बाळ’ म्हणायचे आणि दिवसभर त्याच्याशी काहीतरी बोलत असायचे. त्यांचा आवाज घरात ऐकू यायला लागला, तेव्हा मी माझी तक्रार मागे घेतली.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने पहिल्याच भेटीत सगळं नीट समजावलं. इतक्या लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साखर टिकत नाही. खाण्यात फार खंड पडला तर ते थरथरतं, मलूल होतं, बेशुद्धही पडतं. म्हणून थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा द्यायचं. दूध नको, जुलाब होतात. त्याचं कोरडं खाणं कोमट पाण्यात मऊ करून द्यायचं. सोफ्यावरून उडी मारू द्यायची नाही, कारण पाय काडीसारखे असतात. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही. आणि कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं त्याच्या तोंडालाही लागता कामा नयेत.

द्राक्षांचं ऐकून आजोबा हसले. नाशिकमध्ये राहून द्राक्षं बंद म्हणजे आपल्यालाच गाव सोडावं लागेल, असं काहीतरी ते म्हणाले. पण मोसमात दिंडोरीहून पेटी आली, तेव्हा त्यांनी ती स्वतः उचलून वरच्या फळीवर ठेवली. एक मणी घरंगळला, तर गुडघे दुखत असतानाही पलंगाखाली वाकून तो शोधून काढला. नियम पाळण्यात ते माझ्याहून कडक होते.

त्याच महिन्यात वरच्या मजल्यावर सत्यनारायण झाला. मी भाजी आणायला गेले होते. वरची सून वाटीभर शिरा देऊन गेली, तुपातला, केळं घातलेला. प्रसाद घरातल्या प्रत्येकाच्या मुखी लागला पाहिजे, तो नको म्हणायचा नाही, टाकायचा नाही, ही आपली रीत. आजोबांनी माझा वाटा झाकून ठेवला, आपला खाल्ला, आणि घरातलंच एक म्हणून पिल्लालाही दिला. त्याला तो फार आवडला, म्हणून आणखी थोडा दिला.

बेदाणे म्हणजे वाळवलेली द्राक्षं हे आजोबांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांची सगळी नोकरी शेती खात्यात गेली. पण त्या वाटीत त्यांना बेदाणे दिसले नाहीत, प्रसाद दिसला. प्रसादाने कोणाला अपाय होईल हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

दुपारी पिल्लू ओकलं. मग पुन्हा ओकलं आणि कोपऱ्यात जाऊन पडून राहिलं. आम्ही रिक्षा करून दवाखान्यात गेलो. काय खाल्लं, असं डॉक्टरने विचारलं. नेहमीचंच, असं मी सांगत होते, तेवढ्यात आजोबा म्हणाले, “आणि थोडा प्रसाद.”

“शिरा का? त्यात बेदाणे होते, काका?”

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी तोच प्रश्न त्यांच्या कानाशी विचारला. पण डॉक्टरने विचारलं तेव्हाच त्यांना ऐकू आलं होतं. ते पिल्लाकडे बघत राहिले.

त्यानंतर रोज सलाईन. आजोबा त्याचा पंजा धरून बाकावर बसून राहायचे, सुई निघू नये म्हणून. मोठ्या कुत्र्याचं निभावलंही असतं, पण एवढ्याशा जिवाला तेवढे बेदाणे पुष्कळ झाले, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली. किडन्या काम करेनाशा झाल्या होत्या. लघवी थांबली. भिजवलेलं खाणं आजोबा बोटावर घेऊन त्याच्या ओठाला लावायचे, ते तोंड फिरवायचं. एका सकाळी बाकावरच, त्यांच्या मांडीवर ते गेलं.

वरच्या सुनेला कुठूनसं कळलं. संध्याकाळी ती दार वाजवून आत आली आणि हळहळली. एवढं खेळकर पिल्लू, अचानक कसं झालं, असं विचारू लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजोबा खुर्चीतून म्हणाले, “जन्मतःच काहीतरी दोष होता, पोरी. अशी नाजूक जात टिकत नाही.”

ती गेल्यावर, खरं का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, “तिनं देवाचं म्हणून दिलं होतं. तिच्या पूजेला कशाला बोल लावायचा? खाऊ मी घातलं.”

त्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा ते झोपलेत असं मी तुम्हाला सांगितलं, पण ते झोपले नव्हते, गच्चीवर जाऊन बसले होते. दुसरं पिल्लू आणू या, असं तुमचे बाबा म्हणतात. मी त्यांना नाही म्हणून कळवलं आहे. आजोबा आता पुन्हा फारसं बोलत नाहीत. सुट्टीत याल तेव्हा त्यांच्याजवळ हा विषय काढू नका. जे झालं ते मी तुम्हाला सगळं लिहिलं आहे.