सासूबाईंचं पहिलं नाव

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी जेवणाच्या टेबलावर तीन फायली मांडल्या. निळी नवऱ्याची, हिरवी माझी, पिवळी सासूबाईंची. सोमवारी सकाळी साडेदहाला अहमदाबादला व्हिसाचे कागद द्यायचे होते. ती वेळ चुकली तर पुढची पाच आठवड्यांनी मिळत होती, आणि आमचं पॅरिसचं विमान त्याच्या आधीच सुटणार होतं. म्हणून एकेक कागद हातात घेऊन मी यादीवर खूण करत होते.

वाघोडियाच्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळते. बिलावरचं नाव आणि ऑर्डरवरचं नाव जुळलं नाही तर ट्रक फाटकावर उभा राहतो, ड्रायव्हर कितीही गयावया करो. हे आधीच सांगते, कारण पुढचा घोळ माझ्याच हातून झाला.

पिवळ्या फाइलीत अर्ज होता, विमा होता, पेन्शनच्या खात्याचा उतारा होता, फ्रान्समधल्या दोन्ही मुक्कामांची पत्रं होती. फक्त पासपोर्ट यायचा होता. तो सासूबाईंच्या कपाटात साड्यांखाली असायचा. अर्ज भरताना मी ऑफिसच्या बसमध्ये होते, तेव्हा त्यांनी नंबर आणि तारखा मला फोनवर वाचून दाखवल्या होत्या. कागद स्वतः पाहिल्याशिवाय खूण करायची नाही, हा माझा नियम. तो मी तिथे मोडला होता.

"आई, पासपोर्ट द्या."

त्यांनी दिला. मी उघडला. फोटो त्यांचा, आडनाव आमचं, आणि नाव भलतंच.

मी दोनदा वाचलं. मग अर्ज पाहिला, विमा पाहिला, तिकिटांचा कागद पाहिला. सगळीकडे ते नाव होतं, ज्या नावाने घरचे, शेजारचे, बँकवाले त्यांना ओळखतात. पासपोर्टवर दुसरंच.

"हे कोण?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "माहेरची."

आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचं नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून जुनं नाव संपतं. माझ्या लग्नात मी हट्ट धरून माझंच नाव पुन्हा लिहायला लावलं होतं. त्याचा मला अजून अभिमान आहे. पण समोर बसलेल्या बाईचं नाव एके काळी दुसरं असेल, हे सव्वीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सासरे निवृत्त झाल्यावर त्यांनी दोघांचे पासपोर्ट काढले, तेव्हा जन्मतारखेला शाळेचा दाखला लावला आणि दाखल्यावरचं नाव पासपोर्टवर चढलं. वर्षभरात सासरे गेले. पासपोर्ट कोराच राहिला.

"आई, अर्जावर सही केलीत तेव्हा पाहिलं नाहीत का?"

"पाहिलं ना."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाई टेबलावरचा प्लास्टिकचा कागद सरळ करत बसल्या. सहलीच्या कार्यक्रमाच्या छापील पानावर त्यांनी लाल पेनाने फ्रेंच गावाचं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. स्वतःच्या नावाला मात्र हात लावला नव्हता.

"तुझ्या यादीत चूक असेल असं कोणाला वाटेल?" त्या म्हणाल्या. मग जरा हळू, "आणि नावाचा विषय काढला असता तर तुम्ही दोघं म्हणाला असता, या वेळी राहू दे, आई."

तेवढ्यात नवरा आला. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने बूट काढता काढता विचार केला आणि तेच म्हणाला. "मग या वेळी आपण दोघं जाऊन येऊ. आईला पुढच्या वर्षी नेऊ, शांतपणे."

पुढचं वर्ष नव्हतं, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, जे चालायचं ते यंदा चालून घ्या. सासूबाईंनी बडोद्याच्या शाळेत तीस वर्षं फ्रेंच शिकवलं, फ्रान्स न पाहता. त्यांच्या पाठ्यपुस्तकात एका कालव्याचं चित्र होतं. दोन्ही काठांवर झाडं, एक बंद दार, एक सायकल. पॅरिसचे चार दिवस नवऱ्याच्या हौसेचे होते. त्या कालव्याच्या गावचे तीन दिवस त्यांचे होते, आणि त्यासाठी त्या चार महिने रोज सकाळी कमाटीबागेत काठी घेऊन फेऱ्या मारत होत्या.

"पुढच्या वर्षी नाही," मी म्हणाले. "उद्याची रजा टाकते."

नवी यादी केली. विमा आणि अर्ज मी त्याच संध्याकाळी नव्याने भरले. तिकिटं अजून पक्की नव्हती, नुसती रोखून ठेवली होती. आमच्या एजंटने फोनवर "बेन, चिंता ना करो" म्हणत नाव बदललं. पॅरिसच्या हॉटेलचं नवं पत्र सकाळी चहाच्या आत आलं. उरली दोन कामं. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र, कारण बँकेचा उतारा सासरच्या नावाचा होता. आणि कालव्याच्या गावात जिथे राहणार होतो, त्या घराचं पत्र. ते घर शेतावरच्या एका बाईचं होतं. ती दोन खोल्या भाड्याने द्यायची आणि मेलला चौथ्या दिवशी उत्तर द्यायची. आमच्याकडे चार दिवस नव्हते.

शुक्रवारी नऊला आम्ही दोघी नोटरीसमोर होतो. त्याने पासपोर्ट पाहिला, उतारा पाहिला. "दोन्ही नावं असलेला एक कागद आणा. लग्नाचा दाखला?"

लग्न कोणी नोंदवलंच नव्हतं. लग्नपत्रिकेवर माहेरचंच नाव. पदवीवर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं. मी एकेक कागद आठवून खोडत होते. नोटरी घड्याळाकडे पाहत होता. जेवणानंतर तो कोर्टात जाणार होता आणि शनिवारी येणारच नव्हता.

"सेवापुस्तक," सासूबाई अचानक म्हणाल्या. "नोकरी लग्नाआधी लागली होती मला."

शाळा मांडवीजवळ. रिक्षा बाजारातल्या गर्दीत अडकली तेव्हा त्या उतरल्या आणि चालायला लागल्या. मी पिवळी फाइल छातीशी धरून मागे. "आई, गुडघा!" "गुडघा फ्रान्सला जायचंय म्हणतोय, चल."

शाळेच्या कार्यालयातल्या बाई आधी म्हणाल्या, जुनी पुस्तकं वरच्या मजल्यावर, सोमवारी बघू. सोमवार म्हटल्यावर माझ्या तोंडून काहीतरी वाईट निघणार होतं. सासूबाई गुजरातीत म्हणाल्या, "बेन, उपर हुं जाते जाउं," म्हणजे मी स्वतःच वर जाते, आणि जिन्याकडे निघाल्याच. बाई घाईघाईने उठल्या आणि स्वतः वर गेल्या. आम्ही बाकावर बसलो. पंचवीस मिनिटं. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होते.

पुस्तक आलं. सातव्या पानावर नोंद होती: विवाहानंतर नावात बदल. खाली मुख्याध्यापिकेची सही, आणि सासूबाईंच्या दोन सह्या, शेजारी शेजारी. पहिली गोल, ठसठशीत. दुसरी अडखळत काढलेली, पाटीवर पहिल्यांदा अक्षर गिरवावं तशी. मी ती बघत राहिले. "तेव्हा सवय नव्हती," त्या म्हणाल्या. आम्ही शिक्का मारलेली झेरॉक्स घेतली. नोटरी दाराला कुलूप लावत असताना पोहोचलो; त्याने ते पुन्हा उघडून प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारला.

राहिलं गावातलं घर. नवरा लवकर घरी आला होता. दुपारी चारला, तिकडे सकाळ संपताना, मी नंबर लावायला घेतला.

"मोबाइलमध्ये भाषांतराची सोय आहे," तो म्हणाला. "आपण बोलायचं, ते फ्रेंच करून ऐकवतं."

"काही गरज नाही. तीस वर्षं शिकवलंय मी."

"शिकवलंस गं आई, पण बोललीस कोणाशी?"

सासूबाईंनी चष्मा पुसला. पदर सावरला, फोन घेतला. घंटा वाजत राहिली. सहा, सात. मग पलीकडून एक जाड, घाईतला आवाज. सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं आणि शब्द येईना. पलीकडची बाई पुन्हा काहीतरी म्हणाली, या वेळी वैतागून. आता ठेवणार. मी टेबलाची कड धरली.

आणि मग त्या पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य म्हणाल्या. दर जूनला नव्या वर्गाकडून घोकून घेतलेलं, माझं नाव अमुक आहे हे सांगणारं. "ज मापेल," आणि पुढे ते नाव. माहेरचं. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी ते पुन्हा उच्चारलं, मग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. आवाज हळूहळू वर्गातला झाला. नवरा खुर्चीवर बसला. मी बसले नाही.

मध्येच त्या हसल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "विचारत होती, इतकं जुन्या वळणाचं फ्रेंच कुठे शिकलात? मी सांगितलं, मांडवीला."

"पत्राचं काय?" मी म्हणाले.

"पाठवते म्हणाली. जेवून."

तिच्या जेवणाला दोन तास लागले. सव्वासहाला पत्र आलं. नाव बरोबर होतं; मी अक्षर अक्षर ताडून पाहिलं, मगच छापलं.

सोमवारी अहमदाबादला खिडकीवरून नाव पुकारलं तेव्हा मी फायलींचा क्रम लावत होते आणि मान वर केली नाही. तसं नाव असलेलं माझ्याबरोबर कोणी आहे हे माझ्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं. सासूबाई मात्र उठून खिडकीपाशी पोहोचल्याही होत्या. प्रतिज्ञापत्र खिडकीतल्या मुलीने दोनदा वाचलं, आत नेलं, परत आणलं. मग फाइलीत ठेवून दिलं. आणि पुढे बारा दिवस कुठूनच काही कळलं नाही.

तेराव्या दिवशी कुरिअर आलं. तीन पाकिटं. नवरा म्हणाला, "आधी आईचं फोड." मी कात्री आणली. पहिल्यांदा नाव वाचलं, मग पान उलटलं. व्हिसा होता, तारखा बरोबर होत्या.

"आलाय, आई."

"बघू, इकडे दे," त्या हात पुढे करून म्हणाल्या. "मी स्वतः वाचते. तुझा काय भरवसा?"