नळीतली गोळी

सकाळी शाखा उघडली की काका आधी बँकेची दुनळी बंदूक मध्यावर उघडून नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. एक डोळा मिटून बघायचे आणि मग आम्हालाही दाखवायचे. "बघा मॅडम, आरपार! खात्री केलेली बरी."

बँकेच्या दारातले बंदूकधारी पहारेकरी तुम्हीही पाहिले असतील. दुपारी बहुतेक पेंगत असतात. आमच्या माणगाव शाखेतले हे काका फौजेतून निवृत्त झालेले, आणि रायफलींवर बोलायला लागले की थांबत नसत. चहाच्या वेळी कॅशियर मुद्दाम विचारायचा, "काका, लांब बरी की आखूड?"

"लाकडी दस्त्याची लांब रायफल नेमाला चांगली, पण गाडीतून उतरताना अडकायची. दुमडत्या दस्त्याची आखूड, ती कुठंबी न्या. पण थंडीत तिचं लोखंड गालाला चावायचं." मग सुधारणा सुरू. पट्टा रुंद हवा, खांद्याला टेकवायचा दस्ता ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाचा करता यायला हवा. शेवटी आवाज खाली यायचा. "आन् नळीत गोळी हाय का न्हाय, ते अंधारात बोटालाबी कळाय पायजे. एवढं एक कुणीतरी करायला पायजे होतं."

खंडेनवमीला बंदुकीची पूजा झाली. झेंडूची माळ घातलेली ती बंदूक उचलून कॅशियरने गमतीने माझ्यावर रोखली. "हात वर!"

काकांनी झडप घालून नळी खाली दाबली. "रिकामी असली तरी न्हाय!" ते असे ओरडले की काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. मग स्वतःच मागच्या खोलीत जाऊन बसले. मी पाणी घेऊन मागे गेले.

"फौजेतली गोष्ट. गोळ्यांचं मॅगझीन काढलं होतं मी," ते म्हणाले. "वाटलं, झाली रिकामी. पण त्या रायफलीत एक गोळी सुटली की दुसरी आपसूक नळीत येऊन बसते. ती बघायची राहिली. साफ करायला घेतली आन् घोडा दाबला. समोर माझा दोस्त बसला होता, दिघी गावचा. त्याचा पाय गेला."

"ते काय म्हणाले?"

"काय न्हाय. आजपर्यंत काय न्हाय. म्हणून तर जातो."

दर रविवारी काका एसटीने कुठे जातात, ते मला तेव्हा कळलं. एकट्या दोस्ताचं पाणी भरायचं, बाजार आणायचा, कौलं चाळायची, दाढीसुद्धा करून द्यायची. काकू हसत म्हणायच्या, "सहा दिवस नवरा बँकेचा, रविवारी दिघीचा. मला कधी गावला?"

मागच्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. तेराव्याला एक म्हातारे गृहस्थ कुबड्यांवर आले. दिघीचे तेच, हे सांगावं लागलं नाही. मला राहवलं नाही. मी त्यांना म्हणाले, "काकांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं होतं."

"ठाव हाय मला. मी तर इस्पितळातच त्याला माफ केलं होतं."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

त्यांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या. "सांगितलं असतं, तर यायचा बंद झाला असता. मला दुसरं कोण होतं?"

काकू दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या, जेवणाचं पान आणून त्यांच्यापुढे मांडलं, आणि वाढायला मात्र सुनेला सांगितलं.