लामरचं रक्त आणि मेरिबेथची जनावरं

मेरिबेथ यॉस्टने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळे लावले. काचेवर तांबड्या पेशी होत्या, मसूर सांडावी तशा पसरलेल्या. पण त्यांच्या पोटात जांभळ्या खड्याच्या इवल्या अंगठ्या, म्हणजे मलेरियाचे जिवंत परजीवी, दिसायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. शुक्रवारी शंभरांतल्या चार पेशींत होत्या. आज सोमवारी तिने हजार पेशी मोजल्या आणि हाती लागले तीन काळपट ठिपके. मेलेले.

"लामर," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "जरा या इकडे. माझे डोळे बिघडलेत का सांगा."

लामर झेर्बे हा प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. वय त्रेसष्ट, पोट गोल, मिशी पांढरी. त्याने बराच वेळ पाहिलं. काच सरकवली, पुन्हा पाहिलं.

"डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टरीणबाई. बिघडले असते तर बरं झालं असतं."

मेरिबेथने दुसरी काच लावली, तीही तशीच.

आता या बाईचं नशीब पाहा. ती पेनसिल्व्हेनियातल्या गवळ्याची लेक. गायीला रविवार कळत नाही, नाताळ कळत नाही, पहाटे पाचला तिला दोहावंच लागतं. या जाचातून सुटायचं म्हणून ही पोरगी शिकत सुटली. शिकत शिकत पीएच.डी. झाली आणि पुढे पोस्टडॉक. म्हणजे शिक्षण संपलंय आणि खरी नोकरी लागायचीय अशी मधली अवस्था, ज्यात माणूस दर वर्षी "एवढंच वर्ष" म्हणतो. तिच्या वाट्याला आले मलेरियाचे परजीवी. ते माणसाच्या ताज्या रक्तावर जगतात, त्यांना रोज खाणं बदलून लागतं आणि रविवार त्यांनाही कळत नाही. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "घातलंस का जनावरांना?" आणि बाप मागून खो खो हसायचा.

मेलेली बाटली साधीसुधी नव्हती. परजीवीच्या पोटातून एक जनुक काढून टाकलेली ती नवी जात होती. मेरिबेथला ती घडवायला अकरा महिने लागले होते. सदतीस वेळा फसली, अडतिसाव्यांदा जमली. फेब्रुवारीत एका विद्यापीठात तिची मुलाखत होती आणि मार्चअखेर इथला करार संपत होता. मुलाखतीत दाखवायला तिच्याकडे ही एक बाटली सोडून काही नव्हतं. थोडे परजीवी गोठवून राखीव म्हणून फ्रीजरमध्ये टाकायला हवे होते, हे तिलाही कळत होतं. पण थोडे वाढू देत, मग ठेवू, असं म्हणता म्हणता तीन आठवडे गेले होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर ब्रॅनिगन आले, वाकले, बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला. चष्मा कपाळावर गेला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"बाकीच्यांच्या बाटल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्या मजेत आहेत."

"म्हणजे उबेचं कपाट ठीक, हवा ठीक, पाणी ठीक." ते थांबले. "मेरिबेथ, बाटली धुताना साबण राहिला नसेल ना?"

राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तिला स्वतःलाही तेच वाटत होतं.

खरं तर तिच्या बाटलीत आणि इतरांच्या बाटल्यांत एक फरक होता, पण तो इतका जुना आणि लाडका होता की कुणाच्या ध्यानातच आला नाही. इतरांचे परजीवी रक्तपेढीच्या पिशवीवर आणि पुडीतल्या पावडरीवर पोसले जात. मेरिबेथचं नवं बाळ तसलं काही तोंडात घेत नसे. त्याला लामरचं रक्त लागे. पेशीही लामरच्या आणि वरचं पिवळं सिरमही लामरचं. बावीस वर्षं लामर रक्त देत होता आणि एवढ्या वर्षांत परजीवींची त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. विद्यार्थ्यांनी त्याला एक कप भेट दिला होता, त्यावर लिहिलं होतं, "झेर्बे खानावळ, स्थापना लामरच्या जन्मापासून".

दुपारी मेरिबेथ जेवणाच्या खोलीत बसली. हातातलं सँडविच ती नुसतंच उलटसुलट करत होती. समोर लामरने डबा उघडला. हरणाच्या मांसाचं सॉसेज, मोहरी, दोन पाव, आणि पाण्याची बाटली.

गवळ्याच्या लेकीचा हात थबकला. लामर रोज जेवताना चॉकलेट दूध प्यायचा. बर्फ पडो, संप होवो, त्याच्या मिशीला तपकिरी कड असायचीच.

"दूध कुठंय?"

"बंद केलंय हो, तीन आठवड्यांसाठी." लामरने तोंड वाकडं केलं. "या गोळीबरोबर दूध चालत नाही म्हणे."

"कसली गोळी?"

"काही नाही, ऑक्टोबरअखेर हरणाच्या मागे रानात गेलो होतो ना, गोचीड चिकटली काखेत. चांगली फुगलेली! भोवती लाल कडं उठलं. डॉक्टरने डॉक्सी दिली. डॉक्सी काहीतरी."

"डॉक्सीसायक्लिन," मेरिबेथ म्हणाली. तिने सँडविच खाली ठेवलं. "लामर, तुम्ही रक्त कधी दिलंत?"

"गेल्या सोमवारी. का?"

"आणि गोळ्या?"

"त्याच्या आदल्याच शनिवारी..." लामर थांबला.

ही गोळी मलेरियावरही देतात, हे त्या खोलीतल्या पाण्याच्या यंत्रालासुद्धा ठाऊक असेल. तिची तऱ्हा अशी की पहिल्या पिढीला ती काही करत नाही. आई टुणटुणीत राहते, बाळंतही होते, आणि मग पोरं मरतात. मंगळवारी खाल्लं, शुक्रवारी गोजिरवाणं दिसलं, सोमवारी गोठा रिकामा.

"मी मारलं?" लामरने डबा बंद केला. "बावीस वर्षांत एक मेला नव्हता, डॉक्टरीणबाई. आणि तुमचाच?"

"पण फॉर्म! फॉर्मवर लिहायचं असतं ना औषध!" मेरिबेथ उठली आणि धावत फायलीपाशी गेली.

तिथे तिला दिवसातला सगळ्यात मोठा धक्का बसला. फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या चौदा दिवसांत काही औषध घेतलंत का? समोर ठसठशीत 'नाही'. मागच्या महिन्यातही तोच 'नाही', त्याच वळणाचा, त्याच जागी शाईचा डाग असलेला. वर्षापूर्वी घाईत तिनेच लामरच्या भरलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. लामर तेवढी तारीख घालून सही करायचा. विचारायचं काम तिचं होतं आणि ते तिने झेरॉक्सच्या यंत्राला दिलं होतं.

तिने तो फॉर्म प्रोफेसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. ब्रॅनिगन फॉर्मकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

"साबण बरा होता की गं," ते म्हणाले.

मग ते उठले. "बाटली फेकलीस?"

"नाही."

"पेशी धुऊन काढ. नवं रक्त घाल, स्वच्छ माणसाचं. एखादा चिवट उरला असेल तर उरला. रक्तगट कुठला तुझा?"

मेरिबेथ पांढरी पडली. रक्तगट जुळणारा होता. तीन वर्षं इतरांच्या रक्तावर संसार करणाऱ्या या बाईने "माझं लोह कमी आहे" या एका वाक्यावर सुई टाळली होती. लोह उत्तम होतं, सुईची भीती होती.

लामर तिच्याबरोबर दवाखान्यात गेला. फॉर्म कोरा होता. औषधाच्या ओळीवर ती थांबली, आठवलं आणि लिहिलं, "डोकेदुखीची एक गोळी, आज." नर्सने सुई काढली तशी ती भिंतीकडे वळली.

"माझा हात धरा," लामर म्हणाला. "आणि जरा हळू दाबा, मला अजून निवृत्त व्हायचंय."

त्यानंतर ती रोज खाणं बदलत राहिली आणि रोज काच तपासत राहिली. काही दिसत नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी घरी टर्की कापली जात असताना ती कपाटापुढे उभी होती. आईचा फोन आला.

"घातलंस का जनावरांना?"

"घातलं. पण आई, गोठ्यात कुणी नाहीये."

या वेळी मागून बाप हसला नाही. "घालत राहा," आई म्हणाली. "तुझ्यासाठी पाय काढून ठेवलाय टर्कीचा."

चौदाव्या दिवशी सकाळी लामर काच बघत होता. मेरिबेथने हल्ली आधी स्वतः बघणं सोडलं होतं.

"डॉक्टरीणबाई."

"काय?"

"मी काही हलवत नाही. तुम्हीच या."

तिने डोळे लावले. शेकडो रिकाम्या पेशींमध्ये एक जांभळी अंगठी होती. शेजारच्या रांगेत दुसरी.

"नाक माझ्यावर गेलंय का?" लामरने विचारलं.

हसताना ती रडली. पुढल्या आठवड्यात अंगठ्या वाढल्या तशी तिने पहिली कुपी गोठवली. अजून दोन दिवस थांबावंसं वाटत होतं, तरी गोठवली. कुपी फ्रीजरमध्ये गेली तेव्हा लामर मागे उभा होता, हातात दुधाचा डबा, मिशीला तपकिरी कड.

"गोळ्या संपल्या. आता माझं रक्त घेणार ना?"

"चार आठवड्यांनी," मेरिबेथ म्हणाली आणि कोरा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "तेव्हा हा भरायचा. सगळा. माझ्यासमोर."

लामरने फॉर्म दूर धरून वाचायला घेतला. "नाव... जन्मतारीख... अरे बापरे, केवढे प्रश्न आहेत यात! हे पूर्वी नव्हते."

"होते," मेरिबेथ म्हणाली.